दुपारची रेघ

मिहिका झोपली की मी तिच्या नाकाखाली बोट धरून बघते. बोटाला श्वास लागला की मग उठते. माझा नवरा सुजय हसतो. म्हणतो, "तिच्या पायातला वाळा श्वास मोजतो, ठोके मोजतो, ताप आला तर आपल्या आधी त्याला कळतं. मध्ये तुझं बोट कशाला?"

वाळ्याला कळतं हे मलाही माहीत आहे. माझी नोकरीच तसली आहे. रत्नागिरीच्या किनाऱ्यापासून आत समुद्रात पवनचक्क्या उभ्या आहेत. त्यांच्या पोटातली थरथर आमच्या नियंत्रण केंद्रात पडद्यावर रेघ होऊन येते, आणि मी ती रेघ बघत बसते. एखादं बेअरिंग झिजायला लागलं की माणसाच्या कानाला काही ऐकू यायच्या कितीतरी आधी रेघ हलते. त्यामुळे यंत्रावर माझा विश्वास आहे. पण बोटाला जे कळतं ते वेगळं.

सबीहा होडेकर आणि मी एकदमच कंत्राटावर लागलो. बाळंतपणाच्या रजेवरही थोड्याच अंतराने गेलो. तिला आफिया झाली, मला मिहिका. परत आलो तेव्हा दोघींच्या वाट्याला एकच हिरकणी कक्ष आला: दोन खुर्च्या, एक पडदा आणि दूध काढायचं नवं यंत्र. यंत्र विमा कंपनीने फुकट दिलं होतं. विमा कंपनी काही फुकट देते तेव्हा बाईने दोनदा विचार करावा, पण सहा महिन्यांचं बाळ पाळणाघरात सोडून आलेली बाई एकदासुद्धा विचार करत नाही.

ते यंत्र नुसतं दूध काढत नसे, वाचत असे. आईच्या दुधात नुसतं दूध नसतं. छातीतल्या दुधाच्या नळ्यांचं आतलं अस्तर सारखं गळत असतं, त्या पेशी दुधाबरोबर वाहून येतात. मेलेल्या पेशी फुटतात, त्यांच्यातल्या डीएनएचे बारीक तुकडेही येतात. सुई न टोचता, रोजच्या रोज, शरीराच्या इतक्या आतला ताजा नमुना दुसरीकडून मिळत नाही. कुठे एखाद्या पेशीची वाढ बिघडायला लागली असेल तर तिच्या डीएनएवरच्या काही खुणा बदलतात. गाठ हाताला लागायच्या खूप आधी, कधीकधी स्कॅनच्या चित्रात दिसायच्याही आधी, तो बदललेला तुकडा दुधात सापडतो. एका नमुन्यावरून यंत्र काही बोलत नाही. आठवडेच्या आठवडे नमुने जमवतं आणि त्यांची रेघ काढतं.

एका गोष्टीची मात्र त्याला सक्त मनाई होती. दुधावरून बाई कोण हे ओळखायचं नाही. आयांचा खासगीपणा राहावा म्हणून कायद्यातच तसं होतं. नाव फक्त मनगटावरच्या पट्ट्यावरून घ्यायचं. बाटलीवर त्या पट्ट्याचा कोड उमटायचा, आणि पाळणाघरातलं थंड कपाट त्या कोडाशी जुळणारा वाळा असलेल्या बाळालाच बाटली सोडायचं.

कामावर परत आल्यावर सबीहाचं दूध आटायला लागलं. सकाळी थोडं यायचं. दुपारी ती यंत्राला लावून बसायची आणि बाटलीचा तळ झाकायचीही मारामार.

"किती आलं?" मी विचारायचे.

"चहाला पुरेल," ती म्हणायची.

पावडरच्या दुधाने आफियाचं पोट बिघडलं. माझं उलट. दुपारपर्यंत माझे कुर्ते भिजायचे. पाळणाघरातून आफियाचं रडणं भिंतीतून ऐकू यायचं, आणि दूध माझं सुटायचं. त्याला काय कळतं कोणाचं पोर रडतंय ते.

एका दुपारी मी हात पुढे केला. "तुझा पट्टा दे इकडे."

"अगं शर्वरी, पण..."

"पण काय? तुमच्यात चालत नाही का?"

"चालतं ना. चालतं म्हणूनच घरी विचारायला पाहिजे. नातं लागतं त्याने."

दुसऱ्या दिवशी ती हसतच आली. "सासू म्हणाली, घे. पण म्हणाली, ध्यानात ठेवा, पाच वेळा पोटभर प्याली की पोर तिचीही लेक. तिची पोरं हिची भावंडं. पुढे एकमेकांत लग्नं जमवायला बसू नका."

"दोघी मुली आहेत गं."

"तेच मी म्हटलं. तर म्हणते, शर्वरीला पुढे मुलगा झाला म्हणजे?"

माझ्या आईला मी फोनवर सांगितलं. तिने नात्यागोत्याचं काही काढलं नाही. तिचा मुद्दा वेगळाच. "बाजू वाटून दे. आमच्या मामीने जुळी वाढवली ती अशीच. एक डावीकडचा, एक उजवीकडचा. दूध ज्याचं त्याला ओळखतं. सरमिसळ केलीस तर दोघी उपाशी राहतील."

भौतिकशास्त्राची पदवी घेतलेल्या बाईने यावर काय म्हणावं? घरी मिहिका कुठूनही प्यायची, पण यंत्रावर मी आईचं ऐकलं. सकाळी डावी, माझ्या पट्ट्यावर, मिहिकासाठी. दुपारी उजवी, सबीहाच्या पट्ट्यावर, आफियासाठी. आफियाच्या मांड्यांना वळ्या पडायला लागल्या, आणि सबीहा मला त्या वळ्यांचे फोटो पाठवायची.

दिवाळीनंतर कंत्राटातल्या काही जणांना कायम करणार होते. आमच्या दोघींची नावं यादीत होती. कायम झालं की सगळ्यांचा मिळून विमा. विमा कंपनी प्रत्येक माणसामागे एक आकडा देते, त्याला भारांक म्हणतात. आजाराचं नाव नोकरी देणाऱ्याला कळत नाही, कळू नये असा नियम आहे. कळतो फक्त आकडा. तो मोठा असला की सगळ्या विभागाचा हप्ता चढतो, म्हणून ठरावीक मर्यादेच्या वरच्या माणसाचं पद गोठवतात. आजारी आहेस म्हणून तुला घेत नाही, असं कोणीच कोणाला म्हणत नाही. म्हणायची गरजच उरलेली नाही.

सबीहा तांबे मॅडमच्या केबिनमधून आली आणि कक्षातल्या खुर्चीवर बसली. मनुष्यबळ विभाग तांबे मॅडमकडे.

"नाही म्हणाल्या."

"का?"

"आकडा." तिने ओढणीने चष्मा पुसला. "दुधात काहीतरी सापडलंय. परवाच कळलं होतं मला. हॉस्पिटलात जाऊन आले, सगळी चित्रं काढली. स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, फार लवकर कळलंय म्हणून दिसत नसेल, दर दोन-तीन महिन्यांनी बघत राहू. म्हणजे आहे, पण सापडत नाही. शर्वरी, हे चांगलं की वाईट?"

तिचा नवरा इम्तियाज आखातातलं, दोह्याचं काम सुटून घरी आलेला. घर तिच्या कायम होण्याकडे डोळे लावून बसलेलं.

"माझं एक वेळ सोड," ती म्हणाली. "आफियाच्या नोंदीत माझा अर्धा भार चढला. मुलगी आहे ना. अठराची झाली की स्वतःची तपासणी करून घ्यायची आणि खोडून काढायचा. तोवर शिष्यवृत्तीला तोच, वसतिगृहाला तोच, कुठे शिकाऊ म्हणून लागली तरी तोच. अजून दात आले नाहीत तिला, आणि आकडा आला."

तिने फोन माझ्या हातात दिला. त्यावर तिची रेघ होती.

मी रेघा बघते. समोर आली की डोळे आपोआप तिच्यावरून फिरतात, ती कोणाची आहे हे नंतर कळतं. सकाळचे नमुने सपाट. वर गेलेले सगळे दुपारचे. हळूहळू, चढत्या पायरीने, फक्त दुपारचे. आणि मध्ये एक आठवडा दुपारीही सपाट.

तो आठवडा मला ओळखता आला. गणपतीनंतर मिहिकाला ताप आला होता. मी घरी होते.

सबीहा बोलत होती. मी फोन तिला परत दिला आणि म्हणाले, "पाणी आणते तुला."

पाणी आणायच्या आधी मी बाथरूममध्ये गेले आणि उजवीकडे बोटांनी चाचपून पाहिलं. काहीच नव्हतं. दाणा नाही, दुखणं नाही. माझी स्वतःची रेघ नेहमी स्वच्छ यायची, कारण माझ्या पट्ट्यावर मी कधी उजवी बाजू लावलीच नव्हती. आईचं ऐकून एक बाजू एका मुलीला आणि एक दुसरीला वाटून दिली, आणि यंत्राने ती वाटणी निमूटपणे लिहून घेतली. उजवी बाजू सबीहा होडेकर यांची.

संध्याकाळी सुजय सुरमई साफ करत होता. आयटीआयमधून येताना तो बंदरावरून मासळी घेऊन येतो आणि स्वतःच कापतो, माझ्यावर सोडत नाही. मी ओट्याशी उभी राहून सगळं सांगितलं. त्याची सुरी थांबली.

"उद्या मुंबईला जाऊ," तो म्हणाला. "खासगीत दाखवू कुणाला तरी."

"खासगीत काही राहत नाही. कुठेही तपासलं तरी नोंद एकच."

त्याने हात धुतले. बराच वेळ धुतले. "मग सोमवारपर्यंत थांब. सोमवारी यादी लागतेय. एकदा कायम झालीस की काढता येत नाही कुणाला. मंगळवारी तपासू. तीन-चार दिवसांनी काय फरक पडतो?"

"आणि सबीहा?"

"तिचं नंतर दुरुस्त करता येईल."

"गोठवलेलं पद नंतरपर्यंत राहत नाही, सुजय. दुसऱ्याला जातं."

मिहिका खाली चटईवर बसून पोळपाटाला लाळ लावत होती. तो तिच्याकडे बघत राहिला. "आणि हिचं काय? तू सांगितलंस की अर्धा हिच्यावर येईल."

"आत्ता तो आफियावर आहे. तिचा नसताना."

"मला माहितेय गं. मला काय कळत नाही का?" तो चटईवर बसला, मिहिकाला मांडीवर घेतलं, तिच्या डोक्यावर हनुवटी टेकली. "मला भीती वाटतेय, एवढंच सांगतोय."

"मलाही," मी म्हणाले. सुरमई तशीच राहिली, आणि आम्ही खिचडी खाल्ली.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत मी सबीहाला गच्चीवर नेलं. तिथून दूरच्या चक्क्या दिसतात, धुक्यात टाचण्या खोचल्यासारख्या. मी तिला तिचीच रेघ समजावून सांगितली. सकाळ, दुपार, आणि मी घरी होते तो आठवडा.

"म्हणजे," ती हळूच म्हणाली, "मला काही नाही?"

"तुला काही नाही."

तिने दोन्ही हात तोंडावर धरले. डोळे भरून आले, खांदे सैल पडले. इतक्या दिवसांत मी तिचे खांदे असे खाली आलेले पाहिले नव्हते. ती हसायला लागली होती, आणि हसता हसता थांबली. माझ्याकडे बघत राहिली.

"मग तुला आहे."

"असेल."

"आणि मी इथे हसतेय."

"हस गं. कोणीतरी हसायला पाहिजे."

तिने माझा हात घट्ट धरला. "आज डॉक्टरकडे जा. आत्ता. आणि बाकीचं सोमवारनंतर. तुझं नाव लागू दे आधी. तीन दिवस मी राहते की आजारी. सवय झालीये मला."

"पद जाईल तुझं."

"जाऊ दे. इम्तियाजला काहीतरी मिळेल."

"आणि आफिया?"

तिने माझा हात सोडला नाही, पण बोललीही नाही. तिच्या जागी मी असते तर मीही बोलले नसते.

डबा तसाच बंद करून आम्ही खाली उतरलो. त्या दुपारी मी माझा पट्टा घातला आणि उजवी बाजू लावली. सबीहा शेजारच्या खुर्चीत बसून होती. यंत्राचा घुर्र घुर्र आवाज तोच, दूध तेवढंच पांढरं. त्या बाटलीवर उमटलेला कोड मिहिकाचा होता, आणि पलीकडे आफिया रडायला लागली होती. सबीहा उठली, पाळणाघरात गेली आणि तिला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालत राहिली. त्या दिवशी आफियाला पावडरचंच दूध मिळालं.

मग आम्ही दोघी तांबे मॅडमकडे गेलो. मी तोंड उघडताच त्यांनी हात वर केला.

"थांबा. तुम्ही मला आजार सांगताय. मला तो ऐकता येत नाही."

"मग आजार नका ऐकू. आकडा चुकीच्या बाईला लागलाय, एवढंच ऐका."

त्यांनी रेघ पाहिली. माझी त्या आठवड्याची रजा पाहिली. "दुसऱ्याचा पट्टा घालणं हा नियमभंग आहे, कळतंय ना? दोघींवर कारवाई होऊ शकते."

"पोर भुकेलं होतं, मॅडम," सबीहा म्हणाली.

तांबे मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांच्या मागे भिंतभर चक्क्यांचा नकाशा होता.

"मॅडम," मी म्हणाले, "बेअरिंगमध्ये थरथर दिसली तर आपण चक्की भंगारात काढतो का?"

"नाही."

"काय करतो?"

"माणूस पाठवतो. दुरुस्त करून घेतो." त्यांनी चष्मा परत घातला. "पण चक्कीचा विमा वेगळा असतो, शर्वरी. मला नियम बदलता येत नाही. यादी पुढे ढकलता येते. तेवढी ढकलते. तोवर दोघींनी आपापल्या नावाने नमुने द्या." आणि आम्ही दारापाशी पोचलो तेव्हा म्हणाल्या, "डॉक्टर कोण आहेत तुमचे? चांगले आहेत ना?" म्हणजे ऐकलं होतं त्यांनी.

माझ्या नावाने उजवीकडची रेघ चढली. सबीहाची दुपारसुद्धा सपाट झाली. चित्रं काढली तेव्हा बरगडीलगत, खोलवर, तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी सापडलं. डॉक्टर पडद्याच्या जवळ गेले, मागे आले, परत जवळ गेले. म्हणाले, इतकं लवकर सापडलेलं मी फार कमी पाहिलंय, काढून टाकू, बहुतेक तेवढ्यावर भागेल. मी पहिलं विचारलं ते दोघी मुलींबद्दल. दुधातून बाळाला काही होत नाही, ते म्हणाले, पोटात सगळं पचून जातं. मी दुसऱ्यांदा विचारलं. त्यांनी दुसऱ्यांदा सांगितलं.

सबीहा कायम झाली. माझं पद गोठलं. तांबे मॅडमनी माझं कंत्राट आणखी वर्षभरासाठी वाढवून दिलं, त्यांच्या हातात होतं ते केलं. मिहिकाची नोंद मी उघडून पाहिली. वजन, उंची, लसी, आणि आता खाली तो आकडा. कोणीतरी पुढे तिच्यासमोर बसेल, तिच्याकडे न बघता त्या आकड्याकडे बघेल. त्या माणसाला तोंड कसं द्यायचं हे तिला शिकवायला मी असायला हवी. मला हे एवढंच मागायचं होतं, आणि ते दाणा लवकर सापडल्यामुळे मिळायची शक्यता होती. त्या एकाच रेघेने दोन्ही केलं होतं. मला तिच्यावर धड रागावताही येईना.

शस्त्रक्रियेआधी दूध आटवायचं होतं. त्यासाठी गोळ्या दिल्या होत्या, दुसऱ्या दिवसापासून घ्यायच्या. दूध ज्याचं त्याला ओळखत असेल, गोळी काही डावं-उजवं ओळखत नाही. दोन्हीकडचं जाणार होतं.

त्या दुपारी सबीहा आफियाला घेऊन घरी आली. बरोबर सासूने दिलेल्या तांदळाच्या भाकऱ्या. सुजयने त्या घेतल्या आणि आम्हाला खोलीत सोडून स्वयंपाकघरात भांडी वाजवत बसला.

"तिला पाज," सबीहा म्हणाली. "शेवटचं."

"यंत्र कुठाय इथे?"

"यंत्र कशाला? घे तिला."

आफिया आजवर माझं दूध प्यायली होती ती बाटलीतून. मी तिला उजवीकडे घेतलं. तिला काही कळेना. तोंड लावायची, सोडायची, माझ्या तोंडाकडे बघायची. तिच्या डोक्याला वेगळ्याच तेलाचा वास होता.

"धर की नीट," सबीहा तिला दटावत म्हणाली. "परकी आहे का ती?"

मग तिने धरलं. बाटलीची ओढ वेगळी असते, ही वेगळी. माझ्या पाठीतून काहीतरी सैल होत गेलं.

मिहिका चटईवरून रांगत आली. आपल्या जागी दुसरं कोणीतरी आहे हे तिला मुळीच आवडलं नाही. माझ्या गुडघ्याला धरून उभी राहिली आणि ओरडायला लागली. सबीहाने तिला उचलून माझ्या डाव्या हातात दिलं. दोघी प्यायला लागल्या. मध्येच मिहिकाने हात लांब करून आफियाचा कान पकडला. आफियाने पिणं न थांबवता तिचा हात झटकला. मिहिकाने पुन्हा पकडला.

"दमलीस?" सबीहाने विचारलं. "एकीला घेऊ का?"

"राहू दे."

पाजायला बसलं की मला लगेच तहान लागते. दोन्ही हात अडकले होते. मी काही म्हणायच्या आत सबीहाने ग्लास भरून माझ्या ओठांना लावला, आणि दुसरा हात माझ्या हनुवटीखाली धरला, म्हणजे पाणी मुलींच्या अंगावर सांडू नये.